घरी घडविलेली विद्युत गिटार : लाकूड, पडदे आणि वेटोळे

तंतुवाद्य घडविणे हे आपल्याकडे घराण्याचे काम मानले गेले आहे. मिरजेच्या शिकलगारांचे पूर्वज शस्त्रांना धार लावीत. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले आणि सतार व तंबोरा यांच्या निर्मितीत त्यांनी असा लौकिक मिळविला की, २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन लाभले. भोपळ्याची निवड, तुणीच्या लाकडाची तबली, घोडीवरील जवारी या गोष्टी पुस्तकातून शिकता येत नाहीत. विद्युत गिटारीची गोष्ट मुळातच निराळी आहे. तिच्यात तारेचा नाद वाढविण्याचे काम पोकळ कोठा करीत नाही, तर चुंबक आणि तांब्याचे वेटोळे करते. सबब तिचा देह म्हणजे एक भरीव फळी असली तरी चालते, आणि सुतारकामाची सामान्य हत्यारे असलेला माणूस ती घरच्या पडवीत घडवू शकतो. ही सुलभता खरी आहे. तथापि ती अपुरी आहे. जे कौशल्य कोठ्यात लागत नाही ते येथे अन्यत्र लागते, आणि कोठे लागते हे कळण्यापूर्वीच बहुतेकांनी करवत चालविलेली असते.

घरगुती निर्मितीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. ब्रायन मे या शाळकरी मुलाने १९६३ साली आपल्या इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या वडिलांच्या साहाय्याने एक गिटार घडविण्यास घेतली व सुमारे दोन वर्षांत ती पुरी केली. दांडी एका जुन्या शेकोटीच्या महॉगनी चौकटीतून काढली होती, तारांचा ताण तोलण्यासाठी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरल्या होत्या आणि पडद्यांवरील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्याची बटणे कामी आली होती. पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदात तीच गिटार त्याने आयुष्यभर वाजविली. (या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण पाचगणीस झाले होते, हा योगायोग महाराष्ट्रातील वाचकास रोचक वाटावा.) येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट साधनांच्या दारिद्र्याची नव्हे, तर लाकडाच्या वयाची आहे. शेकोटीच्या चौकटीचे लाकूड शंभराहून अधिक वर्षे वाळलेले होते.

मुळशीसारख्या तालुक्यात हा मुद्दा निर्णायक ठरतो. ताम्हिणीच्या परिसरात काही वर्षी ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात पौडच्या खोऱ्यातील हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, आणि चैत्रातील दुपारी तीच हवा अतिशय कोरडी होते. लाकूड हवेतील बाष्पाशी समतोल साधत राहते. नव्वद टक्के सापेक्ष आर्द्रतेत त्यातील पाण्याचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांपर्यंत चढते, तर तीस टक्के आर्द्रतेत ते सुमारे सहा टक्क्यांवर येते. तंतूंच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. आडव्या दिशेने मात्र पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे ते साधारणतः ०.२ टक्के फुगते वा आकसते. ५६ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत पाण्याचे प्रमाण आठ टक्क्यांनी उतरले, तर ती सुमारे ०.९ मिलिमीटरने अरुंद होईल. पडदे धातूचे असल्यामुळे आकसत नाहीत. परिणामी पावसाळ्यात घासून गुळगुळीत केलेल्या दांडीच्या कडांतून उन्हाळ्यात पडद्यांची टोके बाहेर डोकावतात आणि वादकाचा तळहात ओरखडतात. वाद्य बिघडले असे समजून दुकानात धाव घेणाऱ्यांची संख्या थोडी नाही. वस्तुतः ते वाद्य चुकीच्या ऋतूत पुरे केलेले असते. दांडीचे अखेरचे घासकाम मार्च-एप्रिलमध्ये करणे हा या प्रदेशापुरता सर्वांत स्वस्त उपाय होय.

सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४७ किलोग्रॅम भरतो. तो अहोरात्र दांडीस वाकवीत असतो. म्हणून तिच्या पोटात समायोजनक्षम पोलादी सळई बसविण्याची पद्धत आहे. लाकडाच्या निवडीत सागाचा मोह स्वाभाविक आहे, कारण जुन्या वाड्यांच्या मोडीतून निघालेल्या तुळया पुण्याच्या बाजारात मिळतात व त्या उत्तम मुरलेल्या असतात. परंतु सागाची घनता दर घनमीटरला ६५० किलोग्रॅमच्या आसपास असते. चार लिटर आकारमानाचा देह त्यातून घडविल्यास तो अडीच किलोहून अधिक भरतो आणि तासाभरात खांदा बोलू लागतो. शिवणीचा तोच देह दोन किलोच्या आत राहतो. शिवण आकारही चांगला टिकवून धरते. शिवाय सागातील तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून जोडण्यापूर्वी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावा लागतो. पडद्यांच्या पट्टीसाठी शिसवीसारखे लाकूड विरळा. पण शिसवीच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून नियंत्रित आहे, हे वाद्य परदेशी नेऊ इच्छिणाऱ्याने ध्यानी ठेवावे. तयार वाद्यांना २०१९ साली त्यातून सूट मिळाली.

आता पडद्यांकडे वळावयाचे. खरा प्रश्न येथेच आहे, आणि तो सुतारकामाचा नसून संगीताचा आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की ते सरकविता येतात. गिटारीचे पडदे लाकडात ठोकलेले असतात. म्हणजे सतारकार जो निर्णय वादकावर सोपवितो तो गिटार घडविणाऱ्यास एकदाच आणि कायमचा घ्यावा लागतो.

प्रचलित गिटारीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. तारेची मुक्त लांबी ६४८ मिलिमीटर धरल्यास पहिला पडदा नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर येतो; ६४८ ला १७.८१७ ने भागल्यास हीच संख्या मिळते. सोळाव्या शतकात व्हिन्चेन्झो गॅलिलेई (ज्योतिर्विद गॅलिलिओचे वडील) यांनी हा भाजक १८ सांगितला होता व अनेक कारागीर तो दीर्घकाळ पाळीत आले. त्यात पहिल्या पडद्याशी फरक अवघा ०.३७ मिलिमीटरचा पडतो, पण बाराव्या पडद्यापर्यंत तो साठून सुमारे २.४ मिलिमीटर होतो आणि जो पडदा तारेच्या बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर, असावयास हवा तो ३२१.६ वर येतो. यावरून दुसराही व्यावहारिक धडा निघतो. प्रत्येक अंतर मागील पडद्यापासून न मोजता नटपासूनच मोजावे, म्हणजे मापनातील चुकांची बेरीज होत नाही.

समान विभागणीतील पंचम शुद्ध पंचमाशी जवळजवळ मिळतो. सातवा पडदा २१५.५ मिलिमीटरवर येतो आणि दोन-तृतीयांशाच्या नियमाने तो २१६ वर हवा. हा अर्धा मिलिमीटर कानास जाणवत नाही. गांधाराची स्थिती वेगळी आहे. चार-पंचमांशाच्या नियमाने शुद्ध गांधाराचा पडदा १२९.६ मिलिमीटरवर यावयास हवा, पण तो असतो १३३.७ वर. हे चार मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १४ सेंट, आणि तंबोऱ्याच्या सान्निध्यात ते लपत नाहीत. धैवताचेही तसेच, त्याच्यात साडेतीन मिलिमीटरचे अंतर पडते. तार ओढून स्वर फक्त चढविता येतो. कोमल गांधार समान विभागणीत उतरलेला असल्यामुळे तो ओढून सुधारता येतो; शुद्ध गांधार आधीच चढलेला असल्यामुळे त्याच्या पडद्यावर तो सुधारता येत नाही. खालच्या पडद्यावरून खेचून आणणे हाच मार्ग उरतो, आणि द्रुत तानेत त्याला अवसर नसतो.

हा वाद महाराष्ट्राला नवीन नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला व ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला. त्यावर भातखंडे प्रभृतींनी कडक टीका केली. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर जी बंदी घातली आणि जी १९७१ साली शिथिल झाली तिच्या मुळाशीही अचल स्वरांचाच आक्षेप होता. भारतीय गिटारवादकांनी या आक्षेपाला निरनिराळी उत्तरे दिली. ब्रिजभूषण काब्रा यांनी पडदे बाजूला सारून तारेवर सळई सरकविली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती ऐकावयास मिळते. जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी ‘शक्ती’ वृंदासाठी पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरून घेतले, जेणेकरून वीणेप्रमाणे मींड घेता यावी. तुर्की वादक तोल्गाहान चोउलू यांनी सरकते पडदे बसविले.

घरी घडविणाऱ्याला आणखी एक वाट मोकळी असते, जी कारखान्याला परवडत नाही. तारा केवळ षड्ज आणि पंचम यांवर मिळविल्या तर शुद्ध गांधाराचा पडदा पंचमाच्या तारेवर शुद्ध निषाद देतो आणि षड्जाच्या तारेवरील धैवताचा पडदा पंचमाच्या तारेवर तारसप्तकातील गांधार देतो. हिशेब चोख जुळतो. अडचण एकाच ठिकाणी येते. ऋषभाचा ७२ मिलिमीटरवरील पडदा पंचमाच्या तारेवर जो धैवत देतो तो अपेक्षित धैवताहून सुमारे २१.५ सेंट चढा असतो; हे अंतर म्हणजेच ८१:८० ची प्रमाणश्रुती. कोणता धैवत हवा हे रागावर अवलंबून असल्यामुळे तेथे पडद्याचे दोन तुकडे करून ते मागेपुढे बसविणे इष्ट ठरते. अशी गिटार पाश्चात्त्य स्वरमेळांस जवळजवळ निकामी होते, हे घडविणाऱ्याने आधीच पत्करलेले असावे.

वेटोळ्याचे तत्त्व फॅरडे यांनी १८३१ साली दाखविलेलेच आहे. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार कंपित झाली की वेटोळ्यात तेवढ्याच कंपनसंख्येचा विद्युतप्रवाह निर्माण होतो. सर्वसाधारण पिक-अपमध्ये ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे सुमारे ८,००० वेढे असतात. ही तार केसाएवढी वा त्याहूनही बारीक असल्याने हाताच्या ताणात किंचित चूक झाली तरी तुटते. शिवणयंत्राच्या मोटरीवर गुंडाळण्याची युक्ती घरगुती कारागिरांत रूढ आहे. वेढे वाढविले की आवाज मोठा होतो, पण उंच स्वरांची चमक कमी होते. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व २.५ हेन्री आणि जोडणाऱ्या केबलची धारिता ५०० पिकोफॅरड असेल, तर संस्पंदन सुमारे ४,५०० हर्ट्झला होते. केबलची लांबी दुप्पट केली तर ते ३,२०० च्या जवळ उतरते. महागडे पिक-अप बदलून पाहण्यापूर्वी केबल आखूड करून पाहावी, असे यावरून सुचते.

मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याला उतरवून १९२७ पासून वीज निर्माण केली जाते; तिची वारंवारिता सेकंदाला पन्नास आवर्तनांची. उघडे वेटोळे तारांबरोबर घरातील वायरिंगचीही ही गुणगुण टिपत असते. १९५५ साली सेथ लव्हर यांनी उलट दिशेने गुंडाळलेली दोन वेटोळी उलट ध्रुवांच्या चुंबकांवर शेजारीशेजारी बसवून ही गुणगुण परस्परांत विरविली व तारांचा संकेत मात्र बेरजेने राखला. एकेरी वेटोळे वापरणारे देहातील खळगी तांब्याच्या पत्र्याने मढवितात आणि घोडीखालून एक तार काढून भूमीशी जोडतात. या शेवटच्या तारेमुळे वादकाचे बोट थेट विवर्धकाच्या भूमिजोडणीशी संलग्न होते. जेथे घराला नीट अर्थिंग नाही, तेथे सदोष विवर्धकातून धक्का बसण्याचा मार्ग हीच तार असते. म्हणून तारा चढविण्यापूर्वी घरातील अर्थिंग तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे व जोडणीत भूमिदोष-विच्छेदक बसवावा.