वाहनातील फ्यूज बॉक्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारगाडीतील दिवे, हॉर्न, वायपर आणि पंखा यांच्याकडे बॅटरीतून जाणारी वीज ज्या पेटीतून निरनिराळ्या शाखांत वाटली जाते, तिला फ्यूज बॉक्स म्हणतात. प्रत्येक शाखेच्या सुरुवातीला एक फ्यूज असतो, म्हणजेच विजेचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वितळून मार्ग तोडणारी धातूची बारीक पट्टी. या साध्या रचनेविषयी काही गैरसमज मात्र रूढ आहेत.

गैरसमज : फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो.

वस्तुस्थिती : फ्यूज मुख्यतः तारेचे रक्षण करतो. गाडीचा लोखंडी सांगाडा हाच बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याचा मार्ग असल्यामुळे, आवरण घासून उघडी पडलेली तार सांगाड्याला टेकताच शॉर्ट सर्किट होते आणि अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते; तार तापून पेट घेण्यापूर्वी फ्यूज वितळावा, ही त्यामागील योजना असते. म्हणून फ्यूजची क्षमता उपकरणाच्या गरजेहून थोडी अधिक, परंतु तारेच्या सहनशक्तीहून कमी ठेवतात. १२ व्होल्टवर ६० वॉटचे दोन दिवे मिळून १० अँपिअर प्रवाह घेत असतील, तर त्यांच्यासाठी साधारणतः १५ अँपिअरचा फ्यूज आणि त्याहून अधिक प्रवाह पेलणारी तार वापरली जाते.

गैरसमज : बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून धोका नाही.

वस्तुस्थिती : शॉक मुख्यतः व्होल्टेजवर अवलंबून असला, तरी तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते; त्यामुळे बारा व्होल्टवरही मोठ्या प्रवाहाने तार पेट घेऊ शकते.

गैरसमज : फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोठा बसवावा.

वस्तुस्थिती : पात्यांच्या (ब्लेड) फ्यूजमध्ये लाल रंग १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा असतो. लाल काढून हिरवा बसवला किंवा तांब्याची तार गुंडाळली, तर मूळ दोष तसाच राहतो आणि १० अँपिअरच्या हिशेबाने निवडलेली बारीक तार फ्यूजच्या आधी जळू लागते. फ्यूज उडणे ही दोषाची सूचना असल्यामुळे आधी दोष शोधणे आवश्यक ठरते.

गैरसमज : मर्यादा ओलांडताच फ्यूज तत्क्षणी उडतो.

वस्तुस्थिती : पट्टी तापून वितळण्यास वेळ लागतो. पात्यांचा सामान्य फ्यूज ११० टक्के प्रवाह कित्येक तास सहन करतो, १३५ टक्क्यांवर तो वितळण्यास दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, तर २०० टक्क्यांवर तो पाच सेकंदांच्या आत तुटतो. त्यामुळे मोटर सुरू होतानाच्या क्षणिक झटक्याने तो विनाकारण उडत नाही. परंतु किंचित जादा भार त्याच्या नजरेतून सुटू शकतो.

गैरसमज : जादा दिव्यांची तार फ्यूजच्या कोणत्याही टोकाला जोडता येते.

वस्तुस्थिती : फ्यूजचे एक टोक पुरवठ्याच्या सामाईक पट्टीला आणि दुसरे उपकरणाकडे जाणाऱ्या तारेला जोडलेले असते. पुरवठ्याच्या टोकावरून काढलेल्या तारेला त्या फ्यूजचे संरक्षण मिळत नाही, तर दुसऱ्या टोकावरून काढल्यास मूळ तारेच्या फ्यूजवर नवा भार पडतो. थेट बॅटरीवरून जोडणी करताना स्वतंत्र फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा लागतो, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या दरम्यानचा तारेचा तुकडा असंरक्षितच राहतो.