फोन विकण्यापूर्वी वॉरंटी तपासा

सावद्यासारख्या गावात बिघडलेला मोबाइल प्रथम जातो तो चौकातील दुरुस्तीच्या दुकानात. ऑनलाइन विकायचा फोन वॉरंटीत असेल, तर नेमके हेच टाळावे. बाहेर उघडलेला फोन कंपनी बहुधा नाकारते. पडून फुटलेला वा पाण्यात भिजलेला फोन तर सहसा वॉरंटीत बसतच नाही. बिलावरील तारीख पाहून भुसावळ-जळगावच्या अधिकृत सेवाकेंद्राचा हेलपाटा घालावा; दुरुस्त फोनला भावही बरा येतो.

खरी मेख पुढे आहे. मदरबोर्ड बदलला, की फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांकही बहुधा बदलतो आणि बिलाशी, खोक्याशी त्याचा मेळ राहत नाही. २०२३च्या दूरसंचार कायद्याने या क्रमांकात फेरफार करणे गुन्हा ठरवले आहे. साहजिकच खरेदीदार बिचकतो. म्हणून जुना व नवा, दोन्ही क्रमांक नोंदवलेली जॉबशीट सेवाकेंद्राकडून आग्रहाने मागून घ्यावी. *#०६# दाबून दिसणारा क्रमांक तेथेच ताडून पाहावा आणि बिलासोबत तो कागद खरेदीदारास द्यावा.

फोन हातावेगळा करताना आधी गुगल खाते काढावे, मगच फॅक्टरी रीसेट करावे. अन्यथा नव्या मालकाच्या हाती कुलूपबंद फोन पडतो आणि तक्रारीचा फोन पुन्हा आपल्यालाच येतो!