मूठभर तांदळाचा हिशेब

कापणीच्या सणाला मराठी मुलखातल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. ज्वारीची कणसं, भोपळे, नारळ, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, जे अर्पण आलं असेल ते एकेक करून पुकारलं जातं. बोली जिंकणारा कित्येकदा ती वस्तू तिथल्या तिथे परत अर्पण करतो आणि लिलाव पुन्हा सुरू होतो. एकाच भोपळ्याचे दोन-तीनदा पैसे होतात, पोरं टाळ्या पिटतात. आणि त्याच आवारात वर्षभर एक वाक्य ऐकू येतं : ‘आपली मंडळी गरीब, आपल्याच्यानं काय होणार?’ त्या एका सकाळचा हात उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत आखडतो, याला गरिबीपेक्षा काही जुने गैरसमज जास्त कारणीभूत आहेत असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : गरीब मंडळी देऊ शकत नाही.

यावरचं उत्तर मिझोरामच्या स्वयंपाकघरात आहे. 1910 च्या सुमारास, तेव्हाच्या लुशाई टेकड्यांत, ख्रिस्ती बायकांनी एक रीत सुरू केली. तिला मिझो भाषेत ‘बुहफाई थाम’ म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. भाताचं आधण ठेवताना घरातल्या माणसांपुरते तांदूळ मोजायचे आणि पातेल्यात टाकण्याआधी त्यातले मूठभर वेगळ्या डब्यात काढायचे. मंडळीच्या बायका घरोघर जाऊन ते गोळा करतात. तांदूळ विकले जातात आणि पैसे सेवाकार्याला जातात. सुरुवातीला त्यातून बायबल शिकवणाऱ्या बायकांचा, म्हणजे ‘बायबल-बायां’चा, खर्च भागे. आज शंभर वर्षं उलटून गेली, तरी मिझो घरांत ती मूठ निघतेच आहे.

यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. त्या बायकांच्या हाती रोख पैसा नव्हता. तो असलाच तर घरच्या पुरुषाच्या हाती. पण तांदळाचा डबा त्यांच्या ताब्यात होता आणि त्यांनी तिथूनच दिलं. ‘माझ्याकडे काय नाही’ इथून त्या निघाल्याच नाहीत. मूठ काढल्यामुळे घरातलं कुणी उपाशी राहिलं नाही, फक्त प्रत्येकाच्या ताटात चार शितं कमी आली. म्हणजे देणाऱ्यांत घरातलं लहान पोरही आलं. देण्याची ही सवय पुढे कामी आली : 1960 च्या दशकाच्या अखेरीस परदेशी मिशनऱ्यांना मिझोराम सोडावं लागलं. मंडळी मागे उरली, वाढली आणि पुढे स्वतःचे सेवक भारतभर पाठवू लागली.

ही रीत आपल्याला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडात घराघरांतून मूठ-मूठ धान्य येई. माणशी एक पैसा या हिशेबाने उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. शुभवर्तमानात, मार्कच्या बाराव्या अध्यायात, दोन दमड्या टाकणारी विधवा आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मासेदोनियातल्या मंडळ्यांचा दाखला देतो. त्या अतिशय दरिद्री होत्या आणि यरुशलेमच्या गरजवंतांसाठी आपलाही वाटा घ्यावा म्हणून त्यांनीच गळ घातली होती.

गैरसमज : खर्च मिशननं करायचा, ही तर पहिल्यापासूनची रीत.

मिशन मायबाप आणि आपण लेकरं, हे नातं आपल्याकडे खोल रुजलं हे खरं. पण ते तसंच राहावं, असं मिशनच्या शहाण्या माणसांनाही वाटत नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 मध्ये सुरू झालं. त्याच्या मातृसंस्थेचे चिटणीस रुफस अँडरसन 1854-55 मध्ये स्वतः भारतात येऊन गेले. मंडळीनं आपला कारभार, आपला प्रसार आणि आपला खर्च स्वतः पेलावा, हा त्यांचा आग्रह होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्यामागेही हीच तळमळ होती.

तामिळ मुलखात व्ही. एस. अझरय्या त्याच्याही आधी कामाला लागले होते. 1903 मध्ये त्यांच्या पुढाकारानं तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःची मिशनरी संस्था काढली आणि तेलुगू भागात दोर्नकलला माणसं पाठवली. 25 डिसेंबर 1905 रोजी बंगालमध्ये सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तिचं तत्त्व होतं : माणसं, पैसा आणि कारभार, तिन्ही भारतीय. स्वदेशीचं वारं वाहत होतं त्याच वर्षातली ही गोष्ट, आणि आपल्या मंडळ्यांत ती फारशी कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

गैरसमज : दशमांश म्हणजे पाळकाच्या हाती द्यायचं पाकीट.

जुन्या करारात दशमांश मुख्यतः धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि जनावरांचा होता. लेव्यांची उपजीविका त्यावर चाले, हे खरंच. पण ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवायचा आणि लेव्यासोबत परका, अनाथ आणि विधवा यांनीही तो पोटभर खायचा. देणं आणि गावातली भूक यांची गाठ तिथेच मारलेली आहे. मंडळीतल्या एखाद्या पोरीची नर्सिंगची फी त्यातून भरली गेली, तर दशमांश वाट चुकला असं कुणी म्हणू नये.

गैरसमज : परदेशी देणगीचे नियम कडक झाले, आता सेवाकार्य संपलं.

2010 चा परदेशी देणगीचा कायदा 2020 मध्ये आणखी आवळला गेला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेनं आलेला परदेशी पैसा दुसरीला देणं बंद झालं. पण पुण्यातल्या सभासदानं दिलेल्या पाचशे रुपयांना हा कायदा लागूच नाही. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून गावच्या चर्चला पैसे पाठवतो, तेही परदेशी देणगीत धरले जात नाहीत. नागरिकत्व बदललं असेल, तर मात्र धरले जातात.

गैरसमज : देवाला दिलं, आता हिशेब कशाला विचारायचा?

औदार्य सगळ्यात जास्त इथेच आटतं. पौलानं यरुशलेमची वर्गणी एकट्यानं नेली नाही. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसं त्यानं सोबत घेतली आणि तसं स्पष्ट लिहिलंही. आपल्याकडे नोंदणीकृत चर्च-ट्रस्टला 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशेब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात. पण ऑडिट झालेला कागद खजिनदाराच्या कपाटात राहतो आणि धुणीभांडी करून दहा रुपये टाकणाऱ्या बाईला त्यांचं काय झालं ते कळतच नाही. त्यावरचा उपाय साधा आहे : दर रविवारी दोघांनी मिळून दान मोजायचं, आकडा लगेच वहीत लिहून दोघांनी सही करायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्च दाराशेजारच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा : वीजबिल इतकं, पाळकांचा पगार इतका, आजारी आजींच्या औषधांना इतके, शिल्लक इतकी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तो उपासनेत मोठ्यानं वाचायचा.