पाळी गेल्यानंतरची कोरड

रजोनिवृत्तीच्या तक्रारींपैकी अंगातून वाफा निघणे आणि रात्री घामाघूम होऊन जाग येणे यांची चर्चा चारचौघींत होते, आणि बहुतेकींच्या बाबतीत हे त्रास कालांतराने ओसरतातही; परंतु त्याच सुमारास योनिमार्गाला जी कोरड पडू लागते तिची वाच्यता सहसा कोणापाशी होत नाही, आणि इलाजावाचून ती हटतही नाही, उलट वर्षागणिक वाढते.

बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन घटले की योनीचे अस्तर पातळ व नाजूक होते आणि त्याच्या पेशींत साठणारे ग्लायकोजेन, ज्यावर लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू पोसले जातात, तेही उणावते. परिणामी त्या जंतूंनी राखलेली आम्लता लोपून इतर जंतूंना मोकळे रान मिळते. मूत्रमार्गालाही इस्ट्रोजेनचाच आधार असल्यामुळे खाज आणि समागमातील वेदना यांच्या जोडीला लघवीची घाई व जळजळ येते. आपल्याकडे तिला 'उन्हाळी' ठरवून धन्याजिऱ्याचे पाणी दिले जाते. ते निरुपद्रवी खरे, पण जी उन्हाळी पौषातही सुटत नाही, तिचे खापर उन्हावर किती दिवस फोडायचे?

सौम्य त्रासास मॉइश्चरायझर आणि समागमप्रसंगी वंगण पुरते. सुगंधी साबण मात्र वर्ज्य. तेवढ्याने न भागल्यास अल्प मात्रेच्या इस्ट्रोजेनचे मलम वा गोळी योनीत ठेवतात, बहुधा दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा. गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि औषध थांबवल्यास त्रास बहुधा परततो. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा संप्रेरकांच्या पोटात घ्यावयाच्या गोळ्यांचा भाग स्तनकर्काच्या वाढत्या धोक्यापायी मुदतीपूर्वी थांबवण्यात आला, तेव्हापासूनची धास्ती या मलमालाही चिकटली आहे. वास्तविक त्यातून रक्तात उतरणारा अंश अत्यल्प असतो. स्तनकर्क होऊन गेलेल्या स्त्रीने मात्र कर्करोगतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून ते वापरू नये, आणि पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले तरी आधी तपासणी करून घ्यावी.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. 'पिशवी काढताना' बीजकोशही काढले गेले असतील, तर ही कोरड ऐन तिशीतच एकाएकी ओढवू शकते, आणि अशा वयात केवळ मलमावर न थांबता संपूर्ण संप्रेरक-उपचाराचा विचार करावा लागतो. सबब दवाखान्याच्या कागदावर बीजकोश राखले की काढले याची नोंद आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे.