तीन पानांची फट

बॅटरी चार्ज करणाऱ्या छोट्या इंजिनात नीट ठिणगी पडेना, तेव्हा दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन भर समुद्रात एकटा होता. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोमधली फट नेमकी लावायची तर ती मोजणारा फिलर गेज हवा आणि तोच बोटीवर नव्हता. मग त्याने हाताशी असलेल्या वहीची पानं मोजली. एक इंच जाडीत २०० पानं बसत होती. म्हणजे एका पानाची जाडी इंचाच्या हजार भागांतले पाच भाग. फट हवी होती बारा ते पंधरा भागांची, त्यामुळे तीन पानं एकत्र धरून ती लावता आली. तार डागायला सोल्डरही नव्हतं. दिव्यांचे जादा बल्ब मात्र होते. त्यांच्या बुडाशी सोल्डरचे टिपूस असतात, तेच वितळवून त्याने काम भागवलं.

हे १९६८-६९ सालचं. बोट होती ‘सुहैली’, जेमतेम साडेबत्तीस फुटांची, सागवानी, आपल्या मुंबईत बांधलेली. १४ जून १९६८ रोजी ती इंग्लंडमधल्या फालमथहून निघाली आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कुठेही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करून तिथेच परतली. एकट्या माणसाने हे पहिल्यांदाच केलं होतं. गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी तो एकटाच पोचला. वाटेत रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडली, टाक्यांमधलं पिण्याचं पाणी खराब झालं. ती मोहीम मला धाडसाइतकीच दुरुस्तीचीही वाटते. बिघाड कुठे आहे ते शोधायचं आणि हाताशी असेल त्याने तो काढायचा, हे तिथे रोजचं काम होतं.

जुन्या शिडाच्या बोटी आजही जगभर हजारोंनी फिरतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या बोटीत शिडांच्या जोडीला एक लहान डिझेल इंजिन असतं. बंदरात शिरताना, वारा पडल्यावर किंवा खडकांजवळून निसटताना ते लागतं. एरवी ते आठवडेच्या आठवडे गप्प बसून असतं आणि गोची तिथेच आहे. ट्रकचं इंजिन वापराने झिजतं. बोटीचं न वापरल्याने बिघडतं.

डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दट्ट्या साधारण विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, त्यात नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा येतो आणि पेट घेतो. स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि भरपूर दाब या तीन गोष्टी मिळाल्या की इंजिन चालायलाच हवं. म्हणून ते बंद पडलं की इंजिन उघडायला धावू नये. दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर असतो. इंधनाच्या वाटेवर असतो, पाण्याच्या वाटेवर असतो, नाहीतर वायरीत.

इंधनाची वाट आधी पाहू. टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्याने तिच्या आतल्या बाजूला दव धरतं, ते पाणी तळाशी साचतं आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या पातळ थरात जिवाणू आणि बुरशी वाढू लागतात. त्यांना ओल पाण्यातून मिळते, खाणं डिझेलमधून. काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. शांत खाडीत तो तळाशी निवांत पडून असतो, त्यामुळे वर्षभर काही कळत नाही. मग एखाद्या दिवशी समुद्र खवळतो, टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो. इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हा. याला दुर्दैव म्हणता येणार नाही, कारण घुसळणं आणि गरज या दोन्हींमागे एकच लाट आहे.

दुसरी भानगड हवेची. रत्नागिरी, हर्णै, मालवण इथल्या मच्छीमार नौकांवरच्या कोणाही मेकॅनिकला विचारा, ‘एअर घेतलंय’ एवढंच सांगून तो पाना हातात घेईल. डिझेल दाबून लहान होत नाही, हवा होते. नोझल उघडायला वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस थांबून सलग डिझेल येऊ लागलं की स्क्रू आवळायचा. नंतर पुढचा स्क्रू.

हवा शिरते कुठून, हे शोधणं मात्र कठीण. टाकीपासून पहिल्या पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणजे दोष आहे आणि जागा कोरडी ठणठणीत! नवखा माणूस ओल शोधत बसतो. जाणता माणूस वाटेच्या मध्यावर पारदर्शक नळीचा एक तुकडा बसवतो. तिथे बुडबुडे दिसले तर दोष मागे टाकीकडे, नाही दिसले तर पुढे. मग उरलेल्या वाटेच्या पुन्हा मध्यावर. दर खेपेला शोधायची जागा अर्धी होत जाते. अंदाजाने एकेक भाग बदलत सुटण्यापेक्षा ही रीत कितीतरी स्वस्त आहे आणि ती वायरिंगलाही तितकीच लागू पडते.

इंजिन सुरू झालं की पहिली नजर एक्झॉस्टकडे जायला हवी. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय किंवा इंजिनावर ओझं जास्त आहे. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यावर शिंपले चढले असले तरी धूर काळाच येतो. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा वाफ. धुरासोबत पाण्याची पिचकारी येतेय ना, हेही पाहायचं, कारण इंजिन गार ठेवायला समुद्राचंच पाणी आत घेतलं जातं. ते ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचा इंपेलर असतो. पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला तर काही मिनिटांत पाती तुटतात. नवा इंपेलर बसवण्याआधी जुन्याचे तुकडे मोजावेत. एक जरी कमी भरला तरी तो पुढे नळीत कुठेतरी अडकलेला असतो आणि पुढच्या महिन्यात इंजिन पुन्हा तापतं. खाऱ्या पाण्याची आणखी एक खोड आहे. त्यातले कॅल्शियमचे काही क्षार पाणी तापलं की जास्त विरघळण्याऐवजी बाहेर पडतात आणि नळ्यांच्या आत दगडासारखे बसतात. म्हणून थेट समुद्राच्या पाण्यावर गार होणारी जुनी इंजिनं मुद्दाम कमी तापमानावर चालवतात.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. इंजिन पेट घेत नाही म्हणून लोक सेल्फ मारतच राहतात. इंजिन फिरतं तसा पाण्याचा पंपही फिरतो आणि पाणी सायलेन्सरमध्ये ढकलत राहतो. ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. पाणी चढत चढत उलट सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. साधा इंधनाचा दोष शोधता शोधता आख्खं इंजिन गमावणारे असतात. बराच वेळ सेल्फ मारायचा असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक आधी बंद करावा आणि इंजिन पेटताच उघडावा.

सेल्फ नुसताच ‘टक्’ करून थांबला तर सगळे बॅटरीला दोष देतात. मीटर लावावा तर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. ओहमचा नियम इथे कामाला येतो. सेल्फ १५० अँपिअर ओढतो असं धरू. वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडात ०.०२ ओहम एवढा अडथळा असला, तर दोहोंचा गुणाकार ३ व्होल्ट. पाव ताकद त्या एका जोडात उष्णता होऊन गेली. करंट वाहत नसताना हा तोटा शून्य असतो, म्हणून मीटरला तो दिसत नाही. मीटरच्या दोन सळ्या संशयित जोडाच्या दोन बाजूंना टेकवायच्या आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. काटा हलला की चोर सापडला. जोड चकचकीत घासून आवळला की तीच बॅटरी इंजिन फिरवते.

खाऱ्या पाण्यात बुडालेल्या दोन वेगळ्या धातूंची आपोआप बॅटरी होते, हा त्याच विषयाचा दुसरा भाग. ब्राँझचा पंखा आणि पोलादाचा शाफ्ट एकमेकांना जोडलेले असतात, त्यात कमी प्रतीचा धातू झिजतो. म्हणून शाफ्टवर झिंकचा ठोकळा बसवतात. तो आधी झिजतो आणि बाकीच्यांना वाचवतो. वर्षभराने बोट वर काढल्यावर झिंक जसाच्या तसा दिसला तर आनंद मानू नये. त्याचा धातूशी संपर्क तुटलाय किंवा कुणीतरी त्याच्यावर रंग मारलाय, आणि तेवढा काळ दुसरंच काहीतरी झिजत होतं. स्टेनलेस स्टीलवरही डोळे झाकून विश्वास टाकता येत नाही. त्याचं रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा टिकायला ऑक्सिजन लागतो. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या डेकमधून खाली जातात. तिथे पाणी मुरून कोंडलं की ऑक्सिजन संपतो, पापुद्रा जातो आणि धातू आतून पोखरला जातो. वरून दिसणारा भाग आरशासारखा लखलखीतच असतो.

गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा सुरू झाली, ती १९८८ पूर्वीच्या रचनेच्या बोटींची अट घालूनच. २०२२ च्या शर्यतीत भारतीय नौदलातून निवृत्त झालेल्या अभिलाष टॉमी यांनी ‘बायानत’ बोटीच्या मोडलेल्या विंडव्हेनसाठी, म्हणजे वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्रणेसाठी, चक्क शौचालयाचं दार कापून वापरलं आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा क्रमांक मिळवला. जुन्या रचनेचा हा मोठा गुण आहे. भाग उघडता येतो, काय चाललंय ते दिसतं, आणि लाकडाच्या फळीनेही त्याची जागा भरून काढता येते. सीलबंद इलेक्ट्रॉनिक डबीत तसं काही करायला वावच नसतो.

‘सुहैली’वरची सगळ्यात अवघड दुरुस्ती मात्र ना इंजिनाची होती ना वायरींची. अटलांटिकमध्ये बोटीत फार पाणी येऊ लागलं, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने खाली बुडी मारून पाहिलं. तळाच्या कण्याजवळची फळ्यांची सांध लांबवर उघडी पडली होती. बोट हलली की तिची फट उघडमीट करत होती. त्यात कापूस ठोकून बसवायचा प्रयत्न फसला, कारण एका श्वासात तेवढं काम होईना आणि ठोकलेला कापूस पुन्हा बाहेर येई. मग त्याने वर बसून कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवून घेतला, तिला डांबर फासलं आणि पाण्याखाली जाऊन तांब्याच्या खिळ्यांनी ती सांधेवर ठोकली. तिच्यावर तांब्याची पट्टीही बसवली. गोरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून तो गडद कपडे घालून पाण्यात उतरत होता. तरी एक शार्क घिरट्या घालू लागला आणि त्याला गोळी घालावी लागली. दुसऱ्या बाजूचीही सांध त्याने तशीच बंद केली. पाण्याखाली करायचं काम जितकं शक्य तितकं वरच उरकून घ्यायचं, ही त्यातली खरी हुशारी.

ही बोट अजून तरंगते. २०१८ साली त्या सफरीवर निघाल्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा ती पुन्हा फालमथला हजर होती. मधल्या काळात तिच्यातही तोच जुना रासायनिक दोष निघाला होता. मुंबईच्या सुतारांनी घातलेलं सागवान चांगलं होतं, पण फळ्या धरून ठेवणारे लोखंडी खिळे आणि बोल्ट गंजले होते. लोखंड लाकडात गंजतं तेव्हा त्याचे क्षार आणि सोबत तयार होणारी अल्कली आजूबाजूचं लाकूड भुसभुशीत करतात, आणि खिळ्याची पकड दोन्हीकडून सुटते. नॉक्स-जॉन्स्टनने लोखंड काढून त्या जागी ब्राँझ घातलं.