चूकभूल द्यावी घ्यावी, पण कुठली?

जुन्या हिशेबाच्या तळाशी ‘चू.भू.द्या.घ्या.’ असं लिहून दुकानदार मोकळा व्हायचा. चूक बेरजेतली की मापातली, याचा उलगडा त्या चार अक्षरांत नसे आणि गिऱ्हाईकही तो मागत नसे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात एवढ्यावर भागत नाही.

रेल्वेच्या रुळाचंच पाहा. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन दहा लाख भागांत १.६ पेक्षा जास्त नसावा, अशी भारतीय रेल्वेची अट आहे. तो जास्त राहिला तर रूळ थंड होताना आतल्या आत बारीक भेगा पडतात. समजा, प्रयोगशाळेने आकडा दिला १.५ आणि पुढे लिहिलं, ‘एरर ०.१’. हा ०.१ कसला? एकेका मोजणीचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन? की चार मोजण्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी? तसं असेल तर एकट्या मोजणीचं विचलन ०.२ निघतं. की दुप्पट करून सांगितलेली अनिश्चितता, जिचं मूळ ०.०५ आहे? माणूस फोन उचलून विचारतो. संगणक विचारत नाही. दोन रकान्यांवर ‘एरर’ दिसलं की तो ते खुशाल एकत्र करतो.

यासाठी संगणकवाल्यांनी ‘ऑन्टॉलॉजी’ आणली. शब्द तत्त्वज्ञानातला, काम मात्र तलाठ्याचं: प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक, एक व्याख्या आणि शेजाऱ्यांशी असलेल्या नात्याची नोंद. संख्याशास्त्रासाठी ‘स्टॅटो’ नावाची अशी एक ऑन्टॉलॉजी आहे. व्याख्या करताना आधी जात सांगायची, मग भेद. आपल्या तर्कशास्त्राला हे नवं नाही. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं की म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस ती गाय’ म्हटलं की पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘एरर’च्या बहुतेक व्याख्या पहिल्या दोषाने आजारी असतात.

भिलाईच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ चा, सोविएत संघाशी. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केलं. ज्यांच्या मदतीने हे उभं राहिलं त्या रशियनांकडे मोजमापातल्या तफावतीला ‘पोग्रेश्नोस्त’ आणि माणसाच्या चुकीला ‘ओशिब्का’ असे दोन शब्द आहेत. पहिल्याच्या मुळाशी पाप दडलेलं, तरी तोच निरुपद्रवी! पण संख्याशास्त्रातल्या प्रमाण त्रुटीला मात्र तेही ‘ओशिब्का’च म्हणतात. म्हणजे दोन शब्द असूनही घोळ सुटला नाही.

मोजमापशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहाची पहिली आवृत्ती १९८४ ची, तिसरी २००८ ची. तीत मोजणीतली त्रुटी म्हणजे मोजलेलं मूल्य वजा संदर्भमूल्य, आणि तिची गल्लत उत्पादनातल्या दोषाशी किंवा चुकीशी करू नये, अशी टीपही आहे. आयएसओ ५७२५ या मानकाची कथा त्याहून मजेदार. नेहमी एकाच बाजूला झुकणाऱ्या मोजणीला ‘बायस’ म्हणायची जुनी रीत. पण डॉक्टर आणि वकील मंडळींना त्या शब्दात पक्षपाताचा वास आला. मग उलट बाजूचा ‘ट्रूनेस’ हा शब्द घडवण्यात आला. ‘अ‍ॅक्युरसी’ म्हणजे ट्रूनेस आणि प्रिसिजन दोन्ही, असंही त्या मानकाने ठरवलं. मराठीत आपण या तिन्हींना बिनदिक्कत ‘अचूकता’ म्हणतो.

खरा पेच पुढे आहे. चांगला रूळ भंगारात काढला तर संख्याशास्त्रात तीही ‘एरर’च, पहिल्या प्रकारची चूक; खराब रूळ पास केला तर दुसऱ्या प्रकारची. हे खरं कधी? ‘रूळ चांगला आहे’ हे गृहीतक धरलं तर. ‘रूळ खराब आहे’ इथून सुरुवात केली की नावांची अदलाबदल होते. म्हणून गुणवत्ता-नियंत्रणातल्या ‘उत्पादकाची जोखीम’ आणि ‘ग्राहकाची जोखीम’ या संज्ञा मला जास्त भरवशाच्या वाटतात. गृहीतक फिरलं तरी त्या फिरत नाहीत. शिवाय ही चूक मोजणीची नव्हेच, निर्णयाची आहे. तिला हायड्रोजनच्या ०.१ ची सख्खी बहीण म्हणून ऑन्टॉलॉजीत एकाच फांदीवर बसवलं की नकाशा बिघडला. व्याख्येला बसणाऱ्यांनी आधी विचारावं: ही त्रुटी कशाची? मोजणीची, पद्धतीची, अंदाजाची की निर्णयाची?

यावर एकमत झालं की भाषेचं भांडण उरत नाही. भिलाईत हिंदी माध्यमात शिकणारं मराठी घरचं पोर वर्गात ‘मानक विचलन’ वाचतं, पुण्यातलं त्याचं मावसभावंड ‘प्रमाण विचलन’. ऑन्टॉलॉजीत या दोन्ही एकाच क्रमांकावर लावलेल्या पाट्या आहेत.