सतरा किलो, बे!

जुलै २०२५मध्ये सर्फराज खाननं फोटो टाकला आणि क्रिकेटवेडी जनता फ्लॅट. दोन महिन्यांत सतरा किलो गायब! चपाती, भात, साखर बंद. चहाऐवजी ग्रीन टी. पुढच्याच महिन्यात चेन्नईला बुची बाबू स्पर्धेत १३८ ठोकले.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांसमोरच्या टपरीवर त्याचे फॅन्स भेटले. ‘सतरा किलो, बे! फिटनेस आला, फॉर्म आला.’ ‘पण भाकरी चालती का?’ दुसऱ्याची खास सोलापुरी शंका.

मला हा सिंपल फंडा काही पटेना. फेब्रुवारी २०२४ला राजकोटच्या कसोटी पदार्पणात ६२ आणि नाबाद ६८, ऑक्टोबरमध्ये बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध १५०. हे सगळं त्या वजनासकटच झालं होतं की! तरीही २०२५च्या इंग्लंड दौऱ्याच्या कसोटी संघात नाव नव्हतं. फॉर्म होताच हो. चर्चा मात्र पोटाची.

हे ऐकून एक दणकट मागवाला हसला. ‘बारा तास मागापुढं उभारतोय मॅडम. माझं वजन कुणी विचारलं नाही अजून.’